जुना वाडा लेझर स्कॅनरने मोजताना: आखणीपासून नकाशापर्यंत

पेठांमधला जुना वाडा टेपने मोजायला घेतला की पहिल्या तासातच कळते, इथे काटकोन नाही. भिंत जोत्याशी जाड आणि वर निमुळती, खांब एका अंगाला कललेले, तुळई मधोमध खाली आलेली, चौकाचे चारही कोन वेगवेगळे. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घेतले तरी वरचा मजला खालच्यावर नेमका कुठे बसतो ते टेप सांगत नाही. सहज उचलून नेता येणारा लेझर स्कॅनर हे काम साधारण दिवसभरात करतो. मात्र एक गोष्ट आधीच सांगायला हवी. स्कॅनर एका जागी उभा राहून जे मोजतो ते बहुतेक वेळा बरोबर असते. चूक शिरते ती दोन जागांवरची मोजणी एकमेकींना जोडताना. म्हणून पुढचा बराचसा मजकूर यंत्र कुठे उभे करायचे, जोडणी कशी करायची आणि ती कशी पडताळायची यावर आहे.

उदाहरणासाठी कसबा किंवा सदाशिव पेठेतला दोन मजली, दोन चौकी वाडा डोळ्यांसमोर ठेवला आहे. लांबी ३० मीटरच्या आसपास, भिंती विटा-मातीच्या, वर कडीपाटाची तक्तपोशी आणि कौलारू छप्पर.

अचूकता किती हवी, ते नकाशाच्या प्रमाणावरून ठरवा

"मिलिमीटरपर्यंत अचूक" अशी मागणी करण्यात अर्थ नाही. १:५० प्रमाणाच्या नकाशात ०.२ मिमी जाडीची रेघ प्रत्यक्षात १० मिमी व्यापते. संपूर्ण वाड्याच्या आराखड्यासाठी १० मिमीच्या आतली मोजणी त्यामुळे पुरेशी ठरते. १:२० च्या तपशिलासाठी, उदाहरणार्थ महिरप किंवा सुरूच्या खांबावरचे कोरीवकाम, हीच मर्यादा ४ मिमीवर येते. खांब कलतो आहे का, भिंत पोट काढते आहे का, हे दर सहा महिन्यांनी पाहायचे असेल तर गणित आणखी कडक होते. दोन्ही वेळची मोजणी प्रत्येकी ५ मिमीपर्यंत चुकू शकत असेल तर त्यांच्या तुलनेतली अनिश्चितता सुमारे ७ मिमी होते. त्याहून लहान फरक दिसला म्हणून टेकू लावायला धावू नये.

हा आकडा मालक, वास्तुविशारद आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांच्याकडून लेखी घ्या. यंत्राची निवड आणि स्टेशनांची, म्हणजे स्कॅनर उभा करायच्या जागांची, संख्या त्यावरच ठरते.

कोणते यंत्र

स्कॅनर लेझरचा किरण सोडतो आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून किंवा लहरींच्या कलेतल्या फरकावरून अंतर काढतो. १ मिमीचा फरक ओळखायचा म्हणजे सुमारे ६.७ पिकोसेकंदांचा फरक ओळखायचा. आरसा फिरत असतो, डोके फिरत असते आणि सेकंदाला लाखो बिंदू नोंदले जातात. त्यांचा संच म्हणजे पॉइंट क्लाउड.

ट्रायपॉडवर उभे राहणारे स्कॅनर वाड्यासाठी सर्वांत भरवशाचे. लायका बीएलके३६० च्या पहिल्या आवृत्तीचे वजन सुमारे एक किलो, पल्ला ६० मीटर, आणि कंपनीने दिलेली अचूकता १० मीटरवर ६ मिमी, २० मीटरवर ८ मिमी. लायकाचाच आरटीसी३६० सेकंदाला २० लाख बिंदू घेतो आणि १३० मीटरपर्यंत पोचतो, पण तो जड आणि बराच महाग आहे. फॅरोचे फोकस स्कॅनरही याच कामाचे. वर्षातून दोन-चार वाडेच मोजायचे असतील तर विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्या. भाड्याचे यंत्र हाती आले की आधी त्याचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मागा आणि तारीख वाचा.

हातात धरून चालत जाण्याचे स्कॅनर, म्हणजे स्लॅम पद्धतीचे, फार वेगवान असतात. बीएलके२गो पाऊण किलोच्या आसपास भरतो. पण चालताना यंत्र आपली जागा आजूबाजूच्या आकारांवरून ओळखत जाते, त्यामुळे चूक साचत जाते. प्रत्यक्षात १ ते ३ सेंमी धरून चाला. क्षेत्रफळ, खोल्यांची मांडणी, भाडेकरूंच्या जागेची नोंद यांसाठी ते उत्तम. तुळईचा झोक मोजायला नाही. आयफोन १२ प्रो पासून फोनमध्येही लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, आला आहे. त्याचा पल्ला सुमारे ५ मीटर. पहिल्या पाहणीत कच्चा आराखडा मिळवायला तो चांगला, अंतिम मोजणीला अजिबात वापरू नका.

आदला दिवस

हा दिवस वाचवायला गेलात तर मोजणीच्या दिवशी दुप्पट वेळ जातो. वाडाभर फिरून हाताने आराखडा काढा. त्यात प्रत्येक दार, जिना, बंद खोली, माळा, तळघर, परसातला हौद आला पाहिजे. कोणती किल्ली कोणाकडे, हे लिहून ठेवा. भाडेकरूंना वेळ सांगा, आणि स्कॅनर फोटोही काढतो हे स्पष्ट सांगून उघड्यावरची कागदपत्रे व खासगी वस्तू हलवायला सांगा. लेझर डोळ्यांना बाधेल का, हा प्रश्न हमखास येतो. यंत्रावर वर्ग १ चे लेबल असेल तर नेहमीच्या वापरात तो डोळ्यांना सुरक्षित असतो. लेबल दाखवा, शंका मिटते.

सोबत काय न्यायचे:

- पूर्ण भारलेल्या तीन ते चार बॅटऱ्या, २५६ जीबीची दोन कार्डे आणि एक लॅपटॉप
- ए४ कागदावर छापलेली काळ्या-पांढऱ्या चौकटींची २५ ते ३० टार्गेटे, म्हणजे स्कॅन जोडायला लावायच्या खुणा, प्रत्येकावर मोठा क्रमांक. कागद मॅट हवा, लॅमिनेशन नको. चकाकीमुळे मध्यबिंदू सरकतो
- १४५ मिमी व्यासाचे पाच-सहा पांढरे गोल (चेंडूसारखे), तेही जोडणीच्या खुणा म्हणून
- मास्किंग टेप. जोरकस चिकटपट्टी लावली तर जुना गिलावा सोबत निघतो
- टोटल स्टेशन (कोन आणि अंतर अचूक मोजणारे सर्वेक्षणाचे यंत्र), लेझर अंतरमापक, पोलादी टेप, ओळंबा
- जुन्या चादरी, खडू, विजेरी, दार अडवायला दगड, मायक्रोफायबरचे फडके

फडके विसरू नका. वाड्यात धूळ अमाप, आणि आरशावर बोटाचा ठसा पडला तरी भिंती केसाळ दिसू लागतात.

कंट्रोल: बाहेरून आत

लहान कामात स्कॅन एकमेकांना जोडले की झाले असे वाटते. दोन चौकी वाड्यात ते पुरत नाही. कंट्रोल, म्हणजे आधी अचूक मोजलेल्या पक्क्या बिंदूंची चौकट, लागते. त्यासाठी टोटल स्टेशनने बंद ट्रॅव्हर्स करा, म्हणजे बिंदू-बिंदूने मोजत पुन्हा पहिल्यावर या: एक बिंदू दिंडी दरवाजाबाहेर बोळात, एक पहिल्या चौकात, एक दुसऱ्या चौकात, एक परसात, आणि बाजूच्या बोळातून परत पहिल्यावर. बाजूला बोळ नसेल तर त्याच मार्गाने पुन्हा मोजत मागे या. खिळे दगडी जोत्यात किंवा फरसबंदीच्या सांध्यात ठोका, मातीत किंवा सुट्या फरशीवर नको. ५ सेकंद अचूकतेचे टोटल स्टेशन ५० मीटरवर आडवे सुमारे १.२ मिमी चुकते, म्हणजे या कामाला पुरेसे आहे. दीडशे मीटरच्या ट्रॅव्हर्सची मिटणारी चूक, म्हणजे परत पहिल्या बिंदूवर आल्यावर उरणारा फरक, ५ मिमीच्या आत यायला हवी. आली नाही तर स्कॅनर बाहेर काढू नका, आधी ट्रॅव्हर्स पुन्हा करा.

सहनिर्देशक स्थानिक ठेवा. पहिल्या बिंदूला १०००, १०००, १०० असे मूल्य द्या आणि अंतरे जमिनीवर मोजली तशीच राहू द्या. जीएनएसएसने (उपग्रहांवरून) आलेल्या यूटीएम या जगभरच्या नकाशा-पद्धतीतल्या झोन ४३ उत्तरच्या सहनिर्देशकांवर थेट बसवण्याचा मोह टाळा. पुण्यात यूटीएमचे प्रमाण आणि समुद्रसपाटीपासूनची सुमारे ५६० मीटर उंची यांचा एकत्रित परिणाम असा, की १०० मीटरचे खरे अंतर नकाशात सुमारे ३ सेंमीने कमी भरते. ३० मीटरच्या वाड्यात हे ९ मिमी झाले. १:५० साठी ठरवलेली सगळी सूट इथेच संपली. शिवाय ही चूक कोणत्याही अहवालात दिसत नाही; लाकूड कापून आणल्यावर कळते. सरकारी नकाशाशी जुळवायचेच असेल तर रूपांतराची वेगळी प्रत करा.

स्टेशने कुठे

आतल्या भागात दोन स्टेशनांत ५ ते ८ मीटर. प्रत्येक दाराच्या उंबऱ्यावर एक स्टेशन हवेच, कारण दोन खोल्यांना जोडणारी तीच जागा. ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर असे उंबऱ्या-उंबऱ्याने पुढे जा. शेजारच्या दोन स्कॅनांत किमान ४० टक्के भाग सामाईक दिसला पाहिजे आणि त्यात तीनही दिशांना तोंड करणारे पृष्ठभाग हवेत: एक भिंत, तिला छेदणारी दुसरी, आणि जमीन किंवा छत.

लांबट अरुंद बोळ इथे घात करतो. दोन समांतर भिंती आणि खाली जमीन एवढेच दिसत असेल तर सॉफ्टवेअरला बोळाच्या लांबीत कुठेच पकड मिळत नाही, आणि एक स्कॅन दुसऱ्यावर पुढे-मागे सरकतो. अशा बोळात मधे गोल ठेवा किंवा टार्गेटे वेगवेगळ्या उंचीवर लावा.

बिंदूंची घनता साधारण १० मीटरवर ६ मिमी ठेवा. लक्षात घ्या, ही घनता किरण भिंतीवर सरळ पडतो तेव्हाची. भिंतीशी फक्त १० अंशाचा कोन करून किरण घासत गेला तर तेच अंतर ३५ मिमी होते. बोळातून घेतलेल्या दर्शनी भागाचा वरचा मजला म्हणूनच विरळ आणि अस्पष्ट येतो. त्यावर घनता वाढवणे हा खर्चिक इलाज. समोरच्या घराच्या गॅलरीत दहा मिनिटे परवानगी मागून एक स्टेशन घेणे हा खरा इलाज.

रंगीत फोटो फक्त चौक, दर्शनी भाग आणि कोरीवकामाच्या ठिकाणी घ्या. अंधाऱ्या खोल्यांत त्यांचा उपयोग थोडा आणि वेळ बराच जातो. फोटो वगळून एक स्टेशन हलवण्यासकट चार-पाच मिनिटांत होते. अशा वाड्याला ४० ते ५० स्टेशने लागतात, म्हणजे चार तास सलग काम. त्यात कंट्रोल, फोटो आणि अडथळे धरून पूर्ण दिवस राखून ठेवा.

बोळातला भाग सकाळी सातच्या आत उरका. नंतर दुचाक्या लागतात आणि दर्शनी भागाचे जोते त्यांच्यामागे जाते. गणेशोत्सवाच्या आधी मांडव उभे राहू लागले की पेठेतले दर्शनी भाग कित्येक दिवस झाकलेले असतात. तारीख ठरवताना पंचांग पाहा. पावसाळ्यात ओला काळा दगड फार कमी प्रकाश परत पाठवतो, त्यामुळे जोत्यात भोके पडतात आणि हवेत थेंबांचे बिंदू तरंगतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मे मध्ये चौकात ऊन आले की यंत्र सावलीत न्या. अनेक स्कॅनरची वापराची मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते.

कडीपाटावरचा वरचा मजला

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लाकडी जमीन माणूस चालला की दबते. स्कॅन चालू असताना कोणी शेजारच्या खणातून गेले तर ट्रायपॉड किंचित कलतो आणि त्या क्षणापासूनचे बिंदू सरकतात. यंत्रातला कल मोजणारा भाग संथ बदल सुधारतो, धक्का नाही. ०.०१ अंश हा कल दिसायला काहीच नाही, पण ३० मीटरवर तो ५ मिमी होतो.

म्हणून ट्रायपॉडचे पाय फळीच्या मध्यावर न ठेवता कडीच्या रेषेवर, भिंतीच्या जवळ ठेवा. पायांची जागा खडूने आखा. स्कॅन सुरू करणारी व्यक्तीही जिन्यात किंवा भिंतीच्या जाडीत उभी राहू दे. फोनवरून सुरू करता येत असेल तर उत्तम. जमीन जिथे आवाज करते किंवा दबते तिथे आधी इंजिनिअरला विचारा, मग पाय ठेवा.

मजले जोडण्याचे काम एकट्या जिन्यावर सोपवू नका. वाड्याचे जिने भिंतीच्या जाडीत, काळोखे, दीड-दोन फूट रुंद. तिथल्या दोन स्कॅनांत सामाईक दिसते ते फार थोडे. जिन्याच्या तळाशी, मधे आणि वर अशी तीन स्टेशने घ्याच, पण खरी मजबूत जोडणी चौकातून करा. चौकाच्या खांबांवर आणि समोरच्या भिंतीवर सहा-आठ टार्गेटे लावा, जी खालून आणि वरच्या सज्जातूनही दिसतील. वर-खाली असे दोन स्वतंत्र मार्ग झाले की वळसा पूर्ण होतो आणि चूक लपत नाही.

छपरासाठी शेजारच्या गच्चीवरून दोन-तीन स्टेशने बहुधा पुरतात. ड्रोन वापरायचा विचार असेल तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा पाहा. लोहगावचा हवाई दलाचा तळ जवळ असल्यामुळे पुण्याचा मोठा भाग बंधनांत येतो.

यंत्राला चकवणाऱ्या वस्तू

आरसा, काचेच्या तसबिरी, घासलेली पितळी भांडी, टीव्हीचा काळा पडदा. आरशातून गेलेला किरण भिंतीपलीकडे आणखी एक खोली दाखवतो, आणि पलीकडे खरोखर खोली असेल तर दोन्ही एकमेकींत मिसळतात. हलवता येईल ते हलवा, बाकीवर चादर टाका. देवघरातल्या वस्तूंना घरच्यांनाच हात लावू द्या. हौदात पाणी असेल तर तळाची खोली स्कॅनमधून घेऊ नका, पाण्यात किरण वाकतो. ती टेपने घ्या. पंखे बंद करा.

दारे एकदा उघडली की दगड लावून शेवटपर्यंत तशीच ठेवा. एका स्कॅनमध्ये उघडे आणि पुढच्यात अर्धवट मिटलेले दार जोडणीला चुकीच्या दिशेने ओढते.

खांबांच्या आणि कड्यांच्या कडांवर अर्धा किरण कडेवर, अर्धा मागच्या भिंतीवर पडतो. यंत्र दोन्हींच्या मधले अंतर नोंदवते आणि हवेत शेपट्या तयार होतात. त्या नंतर गाळता येतात, पण त्यामुळेच खांबाची जाडी एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत न मोजता समोरासमोरच्या सपाट बाजूंवरून घ्यावी.

जोडणी

जागेवरून निघण्याआधी डेटा दोन ठिकाणी उतरवा आणि लॅपटॉपवर कच्ची जोडणी करून पाहा. राहिलेली खोली तेव्हाच सापडली तर दहा मिनिटांत भरून निघते.

जोडणी दोन प्रकारची: टार्गेटांवरून, आणि आकारांवरून. आकारांवरून होणारी जोडणी सोयीची आहे, पण वाड्यात तिचा एक खास धोका आहे. खांब सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे, एकामागे एक खण. सॉफ्टवेअर एक अख्खा खण सरकवून स्कॅन बसवते आणि जुळणी उत्तम झाल्याचे सांगते. क्रमांक लिहिलेली टार्गेटे याच्यासाठी. ती सम अंतरावर लावू नका. मुद्दाम वेडीवाकडी, वेगवेगळ्या उंचीवर लावा.

क्रम असा ठेवा. आधी प्रत्येक मजल्याचे प्रत्येक चौकाभोवतीचे स्कॅन एका गटात जोडा आणि वळसा मिटतो का पाहा. मग गट एकमेकांना जोडा. शेवटी टोटल स्टेशनने मोजलेल्या टार्गेटांवर सगळे बसवा. पहिल्यापासून पन्नास स्कॅन एकदम टाकले तर वाईट जोड सगळीकडे थोडा थोडा पसरतो आणि शोधता येत नाही. प्रत्येक जोडाला स्वतंत्र २ मिमीची चूक धरली तरी २५ जोडांच्या साखळीच्या टोकाला ती १० मिमी होते, कल वेगळाच. कंट्रोलवर बसवल्यावर टार्गेटांचा फरक ५ मिमीच्या आत हवा. एखादेच टार्गेट १५ मिमी दाखवत असेल तर बहुधा ते सुटून लोंबकळले आहे. फोटो पाहून वगळा आणि तशी नोंद करा.

तपासणी

सॉफ्टवेअरचा अहवाल म्हणजे सरासरी. "सरासरी चूक ३ मिमी" वाचून समाधान मानू नका. क्लाउडकम्पेअर या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १ सेंमी जाडीचे आडवे आणि उभे काप घ्या, आणि प्रत्येक स्कॅनला वेगळा रंग द्या. भिंत एका रेषेत दिसली तर ठीक. दोन समांतर रेषा दिसल्या तर त्यांच्यातले अंतर म्हणजे तुमची खरी चूक.

सगळ्यांत कडक परीक्षा भिंतीच्या जाडीची. भिंतीचा आतला आणि बाहेरचा पृष्ठभाग वेगवेगळ्या स्टेशनांवरून येतो, त्यामुळे जोडणीची पूर्ण चूक जाडीत उतरते. खिडकीच्या किंवा दाराच्या पाख्यात टेपने जाडी घ्या आणि त्याच उंचीवरच्या कापाशी ताडा. असे दहा-बारा ठिकाणी करा, त्यातले निम्मे वरच्या मजल्यावर. चौकाचे दोन्ही कर्ण लेझर अंतरमापकाने घ्या. सज्जातून चौकात ओळंबा सोडून वर-खालचा मेळ पाहा. ही मापे जोडणीच्या आधीच वहीत लिहिलेली असावीत, म्हणजे आकडा पाहून आकडा येत नाही.

नकाशा आणि सुपूर्द करायचा डेटा

नकाशा काढण्याआधी क्लाउड ५ मिमीला एक बिंदू इतका विरळ करा; अख्खा घेतला तर साधा संगणक अडकतो. खालचा आराखडा १.२ मीटर उंचीवर कापा. कोनाडे आणि फडताळे वेगळ्या उंचीवर असतील तर त्यांच्यासाठी दुसरा काप घेऊन तुटक रेघेने दाखवा. भिंती सरळ करण्याचा मोह आवरा. वाकडी भिंत वाकडीच काढा, आणि खांबाचा कल, तुळईचा झोक मिलिमीटरमध्ये शेजारी लिहा. इंजिनिअरला नेमके तेच हवे असते. स्कॅनमध्ये न दिसलेला भाग, जसे कपाटामागची भिंत किंवा तक्तपोशीवरची पोकळी, अंदाजाने जोडू नका. त्यावर आडव्या रेघा मारून "न मोजलेला" लिहा.

मालकाला नकाशांसोबत जोडलेला क्लाउड ई५७ मध्ये द्या. हा पॉइंट क्लाउडच्या फायलीचा खुला प्रकार आहे, त्यामुळे दहा वर्षांनी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तो उघडण्याची शक्यता जास्त. यंत्राच्या मूळ फायली, ट्रॅव्हर्सचे गणित, टेपच्या मापांची वही आणि तपासणीचे काप हेही त्याच डिस्कवर. कंट्रोल बिंदूंचे प्रत्येकी दोन फोटो, जवळून आणि लांबून, आणि जवळच्या तीन पक्क्या खुणांपासूनची अंतरे लिहून ठेवा. दुरुस्तीत फरसबंदी उखडली जाणार असेल तर काम सुरू होण्याआधी त्यातले किमान तीन बिंदू शेजारच्या न हलणाऱ्या दगडी जोत्यांवर, मालकांची परवानगी घेऊन, उतरवून घ्या. पुढची मोजणी त्यांच्यावरच बसवावी लागेल.